दुसरी पसंती

१

मतपेटी गायब झाल्याचं सोमवारी सकाळी कळलं, तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होते आणि माझी भाची फोनवर कोणाला तरी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, "गेली म्हणजे? गेली कुठे?"

फोन ठेवून ती पायरीवर बसली. "मावशी, आज सगळ्यांसमोर पुन्हा मोजणी होणार होती. निकालाशी मला काही देणंघेणं नाही. पण पेटी उघडली असती तर बाबांना हवंय ते कळलं असतं. तू शोध. तुला जमेल."

मी पोलीस नाही. उभा जन्म परीक्षेच्या वर्गांत पर्यवेक्षक म्हणून फिरले. कोणाच्या बाहीत काय आहे आणि खिडकीकडे बघणारा खरा कुठे बघतोय, एवढंच मला कळतं. पण आमच्या घरात काही हरवलं, कोणी रुसलं, कोणी थाप मारली की मावशीला बोलवा, असा शिरस्ताच पडून गेलाय. माझी बहीण होती तोवर ती मला यावरून चिडवायची. आता चिडवायलाही कोणी नाही.

भाचीचे बाबा म्हणजे माझे भावोजी. लाकडी सामानाच्या कारखान्यात काम करतात. खुर्चीच्या पाठीवर पानं-वेली कोराव्यात तर त्यांनीच, म्हणून तिथे सगळे त्यांना नक्षीवाले म्हणतात. शनिवारी तिथल्या निवडणुकीचा निकाल लागला. ते घरी आले, चपला काढायला दारातच खाली बसले आणि उठलेच नाहीत. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झटका येऊ शकतो, त्यांचं मन शांत ठेवा. हे सांगणं सोपं असतं.

मी आत गेले तेव्हा त्यांच्यापुढे जेवणाचा ट्रे होता. जेवणाला हात लावलेला नव्हता. त्यांनी डाव्या हाताने औषधाची काळी बाटली बाजूला काढली, सरबताच्या बाटलीचं लाल झाकण घेतलं, पांढरा कप घेतला. मग एका ओळीत मांडणी केली. आधी लाल झाकण, मग पांढरा कप, सगळ्यांत शेवटी काळी बाटली. हे करताना त्यांना घाम फुटला. मांडून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"कालपासून हेच चाललंय," भाची म्हणाली. "मतदानाच्या कड्या मांडतात. विचारतायत की मला शेवटी कोणी टाकलं. मिस्त्रीकाकांनी टाकलं का, एवढंच त्यांना कळायला हवंय. आणि ते काका एकदासुद्धा इकडे फिरकले नाहीत."

"पेटी उघडून ते कसं कळणार? मत गुप्त असतं ना?"

"कागदाचं असतं," ती म्हणाली आणि बाबांचा घाम पुसायला वळली.

मी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "शोधून आणते." त्यांनी जोरजोराने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मला कळलं नाही.

२

तो कारखाना कामगारांचा स्वतःचा आहे. मालक नाही, साहेब नाही. एकवीस सभासद आपल्यातूनच प्रमुख निवडतात, आणि निवडायची त्यांची रीत त्यांच्यासारखीच आहे. प्रत्येकाला वीतभर लांबीची एक दांडी मिळते आणि तीन कड्या. काळ्या लाकडाची, लाल लाकडाची, पांढऱ्या लाकडाची. एकेक कडी एकेका उमेदवाराची. सगळ्यांत आवडता तो मुठीकडे ओवायचा, त्याच्यानंतर दुसरा, मग तिसरा, आणि टोकाला लाकडाची पाचर ठोकून टाकायची, म्हणजे कड्यांची अदलाबदल होत नाही. पहिल्या कडीला तीन गुण, मधलीला दोन, शेवटचीला एक. ज्याची बेरीज जास्त तो प्रमुख.

काळी कडी मिस्त्रींची. कारखाना त्यांनी आणि भावोजींनी मिळून सुरू केला, तेव्हापासून तेच प्रमुख. लाल कडी भावोजींची. दोघं आयुष्यभर शेजारच्या टेबलांवर काम करत आले, एकाच डब्यातून जेवत आले. यंदा कोरीवकाम करणारं यंत्र घ्यायचं की नाही यावरून फाटलं. मिस्त्री म्हणत यंत्राशिवाय निभाव लागणार नाही, भावोजी म्हणत मग आम्ही कशाला. दोघांमागे माणसं उभी राहिली आणि दोघांना माघार घेता येईना.

पांढरी कडी स्टोअरवाल्यांची. खिळे, सरस, कानस देणारे हे गृहस्थ केवळ तीन उमेदवार लागतात या नियमापायी उभे केलेले. त्यांनी भर सभेत सांगून टाकलं होतं की मला निवडलंत तर कारखाना विकून मोकळा होईन. सगळे हसले होते.

ऑफिसाबाहेरच्या फळ्यावर निकाल अजून तसाच होता. पांढरी त्रेचाळीस. काळी बेचाळीस. लाल एक्केचाळीस.

शनिवारची मोजणी शेजारच्या लाँड्रीतल्या दोन बायकांनी दार लावून केली होती, कारण परकं माणूस पक्षपात करत नाही. मोजून झाल्यावर पेटी कपाटात ठेवून किल्ली त्या घेऊन गेल्या. मी त्यांना गाठलं.

"हिशोब बरोबर होता हो," मोठी म्हणाली. "दोनदा जुळवला. दांड्या काय, सगळ्या सारख्याच. पाचरीही सारख्याच. कोणाची कुठली, आम्हाला काय कळणार?"

रविवारी कारखाना बंद. फाटकाच्या किल्ल्या तिन्ही उमेदवारांकडे. मी कपाट नीट बघितलं. कुलूप शाबूत, काच शाबूत. मग मी दारांच्या बिजागऱ्यांकडे वळले. उजव्या दाराच्या स्क्रूंच्या खाचा वाट्टेल तशा वळलेल्या, एक आडवी, एक तिरपी. डाव्या दाराच्या सगळ्या खाचा सरळ उभ्या. म्हणजे कुलपाच्या नादी न लागता कोणीतरी डावं दारच बिजागऱ्यांतून सोडवलं होतं आणि पुन्हा बसवलं होतं.

पळून जायची घाई असलेला चोर एवढं नीट काम का करेल, ते मला उमगेना.

३

पहिला संशय ज्याचा यायचा त्याचाच आला. जिंकलेल्या माणसाला फेरमोजणी नकोशी असते. मी स्टोअरमध्ये गेले तेव्हा ते खिळ्यांच्या डब्यांमध्ये डोकं धरून बसले होते.

"बाई, पेटी शोधा हो," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. "फेरमोजणीचा अर्ज मीच दिलाय. मला हे पद नको. बायको घरी विचारते, तुम्हाला कोणी मत दिलं? मी काय सांगू? मी माझं मत मला दिलं, चेष्टा म्हणून. दुसरी कडी मिस्त्रींची ओवली. बाकी कोणी माझी कडी पहिली ओवली असेल तर ते सरळ खोटं आहे."

"मग तुम्ही जिंकलात कसे?"

"तेच तर म्हणतोय. घोटाळा आहे."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा आधी स्वतःला सावरतो, यांनी शर्टाची बटणंसुद्धा चुकीची लावली होती.

मग पॉलिशवाली. मिस्त्रींच्या बाजूची सगळी माणसं तिच्या शब्दावर चालतात. ती एका टेबलावर चिंधी फिरवत होती, आणि बोलताना हात थांबला नाही.

"मिस्त्रींना पहिलं दिलं, त्यात लपवायचं काय?"

"आणि दुसरं?"

चिंधी हळू झाली. "नक्षीवाल्यांना द्यायला हवं होतं. मनापासून सांगते, मिस्त्रींनंतर तेच. माझ्या मुलीच्या लग्नाचं कपाट त्यांनी कोरून दिलंय. पण त्यांना दुसरं दिलं असतं तर त्यांचे गुण वाढले असते. लढत त्यांच्याशीच होती. म्हणून मध्ये पांढरी घातली आणि त्यांना शेवटी ठेवलं. पांढरीला कोण निवडून देतंय?"

"तुमच्या बाजूच्या सगळ्यांनी असंच केलं?"

"हे काय सांगावं लागतं? ज्याला त्याला कळतं." ती पुन्हा पुसू लागली, पण त्याच जागी. "तेवढं नक्षीवाल्यांच्या कानावर घालू नका. मी बघायला जाणार आहे त्यांना."

भावोजींच्या बाजूने लेथवाला. उंचापुरा, मोठ्या आवाजाचा. मी विचारलं, मिस्त्रींना कितवं ठेवलंत? आवाज खाली आला.

"शेवटचं. त्यांनीच मला हात धरून काम शिकवलं, बाई. पण नक्षीवाल्यांना आणायचं तर मिस्त्रींना खाली ओढायलाच हवं होतं. एकदाच, म्हटलं. पांढरीला कोण निवडून देतंय?"

तेच वाक्य, तोच सूर. परीक्षेत दोन पेपरांत एकच चूक सापडली की मी मधल्या बाकाकडे बघायची. इथे मधला बाक नव्हता. कोणी कोणाचं बघून लिहिलं नव्हतं, प्रत्येकाने आपापली हुशारी एकट्याने केली होती.

त्यांच्याच फळ्याच्या कोपऱ्यात मी खडूने आकडे मांडले. दहा जण मिस्त्रींचे, दहा भावोजींचे, एकटे स्टोअरवाले स्वतःचे. दोन्हीकडच्यांनी समोरच्याला तळाला टाकलं, की मधली जागा वीसच्या वीस दांड्यांवर पांढरीची. वीस वेळा दोन, चाळीस. त्यांचं स्वतःचं मत तीन. त्रेचाळीस. मिस्त्रींना दहा तिनांचे तीस, दहा तळांचे दहा, आणि स्टोअरवाल्यांकडून दोन. बेचाळीस. भावोजींना तिथे एकच, म्हणून एक्केचाळीस.

निकाल बरोबर होता. पेटीत घोटाळा नव्हताच. जो माणूस कोणालाच नको होता त्याला सगळ्यांनी मिळून निवडून आणलं होतं.

मग जिच्यात काही लपवलेलं नाही ती पेटी चोरायची कशाला?

४

उत्तर पॉलिशवालीनेच दिलं, आणि तेही भांडणात. मी फळ्यापाशी उभी असताना ती आणि लेथवाला एकमेकांवर घसरले होते.

"पेटी तूच लपवलीस," ती म्हणत होती. "तुझी ती वाकडी पाचर सगळ्यांना दिसली असती ना."

"माझी वाकडी? आणि तू पाचरीलाही पॉलिश मारतेस, ते कोणाला कळत नाही का?"

दोघांनी एकदम एकमेकांच्या हातांकडे बघितलं. मीही.

दांड्या लेथवर एकसारख्या कातलेल्या असतात. कड्याही. पाचर मात्र ज्याची त्याने आपल्या पटाशीने घडवायची अशी पद्धत. लाँड्रीतल्या बायकांना त्यात काही दिसणार नव्हतं. पण इथली माणसं खुर्चीचा पाय बघून सांगतात की कोणी तासला. सगळ्यांसमोर पेटी उघडली असती तर एकेक दांडी म्हणजे सहीच होती. मत गुप्त आहे असं समजून यांनी आपलं नाव आपल्याच हाताने ठोकून दिलं होतं, आणि शनिवारी संध्याकाळी फेरमोजणी ठरेपर्यंत ते कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

म्हणजे चोराला निकाल लपवायचा नव्हता. त्याला तोंड लपवायचं होतं. आणि तोंड लपवावं असं तर इथे जवळपास प्रत्येकाने केलं होतं.

मी मिस्त्रींच्या टेबलाकडे गेले. शेजारचं टेबल रिकामं होतं, भावोजींचं. त्यावरच्या पटाश्या कोणीतरी पुसून, धार लावून ओळीत ठेवल्या होत्या. मिस्त्री एका तयार खुर्चीचे स्क्रू पिळत होते. घट्ट झालेला स्क्रूही ते किंचित फिरवत, वाकून बघत, पुन्हा किंचित फिरवत.

"घट्ट तर झालाय," मी म्हटलं.

"खाच तिरपी राहिली होती," ते म्हणाले. "सगळे हसतात मला. कोण बघतं म्हणतात. पण मला झोप लागत नाही."

समोरच्या स्क्रूंच्या सगळ्या खाचा सरळ उभ्या होत्या.

त्यांनी पेटीचं काहीच विचारलं नाही. सकाळपासून भेटलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न पेटीचा केला होता. मिस्त्रींनी विचारलं, "तो जेवतो का?"

"नाही."

त्यांनी मान खाली घातली आणि पुढचा स्क्रू घेतला.

"मिस्त्री," मी हळूच म्हटलं, "कपाटाचं डावं दार फार सुबक बसवलंय तुम्ही."

५

ते नाही म्हणाले नाहीत. स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि मला लाकूड वाळवायच्या खोलीत घेऊन गेले. फळ्यांच्या थप्पीमागे पेटी होती, वर स्वच्छ फडकं घातलेलं.

"जाळून टाकायची होती," ते म्हणाले. "शेगडीपर्यंत नेलीही. पण चांगलं लाकूड आहे, आणि सगळ्यांचं हातकाम. नाही जमलं."

"घेतली का?"

ते फळीवर टेकले. "शनिवारी घरी गेलो तेव्हा कळलं की तो पडलाय. रात्रभर बसून राहिलो. मी त्याला शेवटी टाकलं होतं, बाई. आमच्या माणसांनी सांगितलं की सगळे तसंच करणार, तुम्ही एकटे सरळ राहिलात तर तुम्हीच हराल. मी टाकलं. पेटी उघडल्यावर त्याच्या मुलीला माझी पाचर दिसणार, ती त्याला जाऊन सांगणार. म्हणून रविवारी दुपारी आलो. माझी दांडी काढून दुसरी ठेवायची, बस. त्याचं नाव दुसरं असलेली. निकाल गेला खड्ड्यात."

"मग पूर्ण पेटी का उचललीत?"

त्यांनी पेटीतून दोन दांड्या काढल्या. शोधावं लागलं नाही, त्या वरच ठेवल्या होत्या. एक माझ्या हातात दिली. काळी, पांढरी, लाल. "ही माझी."

दुसरी त्यांनी लगेच दिली नाही. पाचरीवरून अंगठा फिरवत राहिले. इतकी बारीक, इतकी गुळगुळीत पाचर त्या कारखान्यात एकच माणूस करू शकत होता.

"माझी शोधताना ही हाताला लागली. डोळे मिटूनही ओळखली असती. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, आता मी माझी बदलली तर माझी चांगली दिसेल आणि याची एकट्याची उघडी पडेल. सगळे म्हणतील, मिस्त्रींनी दोस्ती पाळली आणि नक्षीवाल्यांनी नाही पाळली. अंथरुणावर पडलेल्या माणसाला हे कसं ऐकवायचं? म्हणून सगळीच उचलली." त्यांनी पेटीवरचं फडकं सारखं केलं. "आमच्या दोघांपैकी कोणीही एकाने मनातलं ओवलं असतं ना, तर पांढरी वर आली नसती. त्याने ओवलं असतं तर मी एकाने पुढे जात होतो. मी ओवलं असतं तर तिघं बरोबरीत, आणि बरोबरीत नियमाने जुना प्रमुख राहतो. मी मोजलंय. तेवढंच करत बसलो होतो."

"मग त्यांना भेटायला का नाही गेलात?"

"कुठल्या तोंडाने जाऊ? तो विचारेल."

मी त्यांच्या हातून दुसरी दांडी घेतली. मुठीकडे लाल. मध्ये पांढरी. टोकाला काळी.

लाल झाकण, पांढरा कप, काळी बाटली. सकाळी माझ्यासमोर त्यांनी हीच मांडणी केली होती, आणि आम्ही मावशी-भाची शहाण्यासारखा अर्थ लावून बसलो की ते विचारतायत, मला शेवटी कोणी टाकलं. त्यांची कडी लाल. ती तर ट्रेवर पहिली होती. शेवटी होती काळी.

"मिस्त्री, उठा," मी म्हटलं. "ते काही विचारत नाहीयेत. ते कबूल करतायत. शनिवारपासून तुमची वाट बघतायत आणि त्यांना एकच भीती आहे, की तुम्ही त्यांची दांडी बघितली असेल."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग खिळ्याला टांगलेला शर्ट उलटाच अंगात घातला आणि माझ्याआधी बाहेर पडले.

६

हॉस्पिटलच्या जिन्यात भाची नव्हती. खोलीचं दार उघडं होतं. परिचारिका मशीनच्या वायरी गुंडाळत होती, आणि आम्हाला बघून तिने हातातलं काम थांबवलं नाही. तेव्हाच मला कळलं.

भावोजींच्या अंगावरची चादर नीट केलेली होती. भाची खाटेच्या कडेला बसली होती, तोंड कोरडं. रडून झालं नव्हतं, अजून सुरूच व्हायचं होतं.

"अर्धा तास झाला," ती म्हणाली. "तुला फोन केला, तू उचलला नाहीस."

करवतींच्या आवाजात मला ऐकू आला नसणार. सकाळीच ती मांडणी नीट वाचली असती तर मी पेटीच्या मागे न जाता सरळ मिस्त्रींना घेऊन आले असते. हे मला आता जन्मभर पुरेल.

ट्रे अजून तिथेच होता. काळी बाटली, तिच्यानंतर लाल झाकण, शेवटी पांढरा कप.

"हे कोणी हलवलं?" मी विचारलं.

"बाबांनीच. तू गेल्यावर त्यांनी बाटली उचलली आणि सगळ्यांत पुढे आणून ठेवली. मला वाटलं औषध मागतायत, म्हणून दिलं. मानेनेच नको म्हणाले. मी बाटली जागेवर ठेवली की पुन्हा पुढे आणायचे. मला कळेना काय हवंय. मी जरा ओरडलेसुद्धा."

मिस्त्री ट्रेसमोर उभे राहिले. त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर ते त्या माणसाचं काम न बोलता वाचत आले होते. त्यांनी हात पुढे केला, लाल झाकण उचललं आणि बाटलीच्या पुढे नेलं. मग ते त्यांना पटलं नाही. मागे घेतलं, आणि अगदी शेजारी ठेवलं, एकाच रेषेत. दांडीवर कोणाला तरी आधी ओवावंच लागतं, ट्रेवर तसं नव्हतं. ते सरळ लागलंय की नाही हे बघायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"मावशी," भाचीने माझ्याकडे बघत विचारलं, "पेटी मिळाली का? कोणी टाकलं होतं त्यांना शेवटी?"

मी काहीतरी जुळवून सांगणार होते. जन्मभर मुलांचं खोटं पकडलं, एक स्वतःचं सांगायला माझी हरकत नव्हती.

"मी," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पाठ सरळ केली. "मी टाकलं होतं, पोरी. आणि त्याने मला टाकलं होतं. आम्ही दोघांनीही."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग ट्रेकडे, त्या बाटलीकडे आणि झाकणाकडे, बराच वेळ. परिचारिका ट्रे उचलायला आली तेव्हा तिने हात आडवा धरला.

मग तिने खाटेखालचं स्टूल पायाने ओढलं आणि त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा काका," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ बसा."